खंड क्षमापित

पेन्शनची केस माझ्या टेबलावर आली
तेव्हा लोखंडी कपाटाला हात लावला तर पोळत होता.
मे महिना. कूलर नुसता गरम हवा फेकून राहिला होता,
आणि सर समोरच्या स्टुलावर, मांडीवर दुपट्टा घडी करून,
तोंडी परीक्षेला बसल्यासारखे.

हेडाऊ, कवडू सीताराम. विषय तत्त्वज्ञान.
पहिल्या पानावर डाव्या हाताच्या पाच बोटांचे ठसे.
ओळखीची खूण : उजव्या तर्जनीवर धोट्याचा व्रण.
नावात चूक आहे का, मी विचारलं.
नाही, म्हणाले, आधीची तीन दगावली,
म्हणून मायने मला शेजारणीला विकलं
आणि एका कवडीत परत घेतलं.
सातव्या वेतन आयोगापर्यंत भाव बरा वाढला.

खरी अडचण पान चारपासून.
नियुक्ती एक जुलै, समाप्ती तीस एप्रिल.
पुन्हा एक जुलै. पुन्हा तीस एप्रिल.
अकरा वेळा.
ऑडिटचा शेरा लाल शाईत :
मधल्या काळात सदर इसम सेवेत नव्हता.
सर चष्मा वर करून वाचत बसले.
इसम तर होता, म्हणाले.

होता. तांडापेठेत, बापाच्या खड्डामागावर,
पाय जमिनीखालच्या गारव्यात सोडून
नऊवारीची किनार विणत.
धागा तुटला की थुंकी लावून सांधायचा,
सांधा दिसला तर शेटजी दोन रुपये कापायचे.
ते दोन महिने मी कुठल्या रकान्यात लिहू?

आमच्या खोल्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती.
सव्वीस वर्षं मी बिलं करत ऐकलं :
तंतू हे पटाचं समवायी कारण.
पोरं विचारायची, पट म्हणजे काय सर?
कापड रे, परीक्षेला येतं.
त्या वर्गात सूत हाताळलेला एकच माणूस होता
आणि तो ते कधी सांगायचा नाही.

मुलाखतीत एकाने हसून विचारलं होतं म्हणे,
कोष्ट्याच्या घरात न्यायशास्त्र काहून?
उत्तर सुचलं एकोणीस वर्षांनी, बर्डीच्या सिग्नलवर.
दिवा हिरवा झाला तरी स्कूटर हलली नाही,
मागच्यांनी शिव्या दिल्या.
उत्तर काय होतं, ते मलाही सांगितलं नाही.

पीएच.डी.ला चौदा वर्षं. विषय : अभाव.
तोवर गाइड वारले,
दोन वेतनवाढी गेल्या, टायपिस्टचं दुकान गेलं.
मी एकदा विचारलं, जे नाहीच त्यावर
तीनशे ऐंशी पानं कशी लिहिली?
म्हणाले, जमिनीवर घडा नसला
तर त्याचं नसणं आपण डोळ्यांनीच पाहतो, मॅडम.
मी हसले होते. मला वाटलं, गंमत करून राहिले.

शेवटच्या वर्षी वर्गात एकटी प्रणोती ढेंगरे,
तीही हिंगण्याची बस मिळाली तर.
तरी आवाज साठ पोरांना पुरेल इतका.
आता त्या खोलीत वाणिज्यचे कॉम्प्युटर लागतील.
फळा काढताना मागे भिंतीचा जुना रंग निघाला,
ठळक, हिरवा, कोणी न वापरलेला.

जी.आर. शोधला. साहेबांची सही घेतली.
अकराच्या अकरा ओळींपुढे
मी माझ्या अक्षरात लिहिलं : खंड क्षमापित.
सरांनी बोट फिरवलं त्या शब्दांवरून,
सांधा लागतो का पाहावं तसं.
क्षमा कोणी कोणाला केली, म्हणाले,
आणि उत्तराची वाट न पाहता उठले.
जाताना दार नीट लावून घेतलं, झळ येते म्हणून.

नंतर चलनं होती, मेडिकलची बिलं होती.
चार वाजता मान वर केली
तर स्टुलावर सर नव्हते.
ते नसणं मला दिसलं.
स्टुलाइतकंच, त्याच्या एका आखूड पायाइतकंच.

मग बादली घेऊन गेले, कूलरमध्ये पाणी टाकायला.